बेटावरची बंदी

दिनू गेल्याची बातमी मला आली नाही. तो जात होता त्याची आली. म्हणजे जीव आहे की गेला हे कोणालाच ठाऊक नाही, अशा वेळी फोन वाजला. उन्हाळ्याचे दिवस, लातूरच्या घराच्या गच्चीवर मी ज्वारीच्या पापड्या घालत बसले होते, दोन्ही हात पिठानं भरलेले. फोन गंगारामचा. गंगाराम म्हणजे नांदेडच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठी राहणारा भोई, माझ्या धाकट्या भावाचा, दिनकरचा, उजवा हात. मला वाटलं, दिनूनं काहीतरी निरोप दिला असेल. तर तो म्हणाला, "अक्का, सर बेटावर पडून राहिलेत. सकाळधरनं. हाका मारून राहिलो, टॉवेल हलवला, उठंनात." मी म्हटलं, "अरे मग जाऊन बघ की!" तो हळूच म्हणाला, "कसं जावं अक्का. बंदी हाय."

त्या दिवसांत तिथं पाणी गुडघाभर असतं. काठावरून बेटावर माणूस चालत जातो, लुगडं फार तर पोटरीपर्यंत भिजतं. मी गच्चीवरून ओरडत होते, शेजारपाजारचे बाहेर आले. "मी उठवली बंदी! मी त्याची मोठी बहीण सांगते, जा!" गंगाराम रडायला लागला. म्हणाला, "तुम्हाला न्हाई उठवता येत अक्का. सरांनी घातली ती सरांनीच उठवायची, न्हाईतर मायीला इचारावं लागतंय." आणि खरंच ते विचारायला गेले. काठावरच्या देवळात कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. त्या दिवशी कुठलंच पडेना. सगळं गाव हात जोडून बसलं होतं, आणि माझा भाऊ समोर, दिसेल इतक्या अंतरावर, वाळूत पडून होता.

मी ही हकीकत इथं लिहिते आहे म्हणून कोणी त्या गावाला नावं ठेवू नयेत. ती बंदी दिनूनंच घातली होती. स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

आम्ही औशाचे. वडील पोस्टात. संध्याकाळी जेवणं लवकर उरकून आम्ही कीर्तनाला जायचो, आणि एकदा बुवांनी ते नेहमीचं सांगितलं, की कासवी नदीच्या एका काठाला असते, पिलं दुसऱ्या काठाला, आणि ती नुसत्या नजरेनं त्यांना वाढवते, तसा देव भक्ताला. बायका डोळे पुसायला लागल्या. दिनू उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मग पिलं खातात काय?" वडिलांनी तिथंच एक ठेवून दिली. पुढं तो प्राणिशास्त्र शिकला, नांदेडच्या एका कॉलेजात लागला, आणि एका दिवाळीत मुद्दाम मला येऊन सांगितलं, "अक्का, बुवा थापा मारत होता बरं का. कासवी अंडी घालते, वर वाळू लोटते आणि चालू लागते. मागं वळून सुद्धा बघत नाही. पिलांना आई ठाऊक नाही, आईला पिलं ठाऊक नाहीत." हे सांगताना तो इतका खुशीत होता की मला राग आला. मी म्हटलं, "तुला स्वतःची बायकापोरं नाहीत म्हणून बोलतोस." त्यानं लग्न केलं नव्हतं, आणि मी ते दर दिवाळीला काढायची. तो म्हणाला, "तू शाळेत मुलींच्या शुद्धलेखनाच्या चुका काढ, कासवांचं मी बघतो."

त्याची कासवं म्हणजे मऊ पाठीची. पाठीवर टणक ढाल नाही, कातड्यासारखं लिबलिबीत कवच, लांब मान आणि नळीसारखं नाक. दिसायला एकदम ओंगळ. मी तसं म्हटलं की त्याला झोंबायचं. पण आपल्या दख्खनच्या नद्यांत असतं हे कासव, बाकी जगात कुठंच नाही, आणि नदीत मेलेलं कुजलेलं जे काही वाहत येतं ते हेच खाऊन साफ करतं. काठावरची वाळू लोकांनी उपसून नेली, उरली ती नदीच्या मधोमध या बेटावर. म्हणून अंडी घालायला आजूबाजूच्या कोसांवरून माद्या इथंच यायच्या. ते बेट राहिलं तर ही कासवं राहतील, नाहीतर आपल्या भागातून गेलीच समज, असं दिनू म्हणायचा. त्याला दुसरं काही नको होतं. बढती नको, घर नको, भाड्याच्या खोलीत राहायचा आणि कॉलेज सुटलं की मोटारसायकल काढून बेट गाठायचा.

तो पहिल्यांदा गंगारामच्या अंगणात गेला तेव्हा तिथं एक मोठी मादी उलटी करून ठेवलेली होती. उलटं कासव पळत नाही, मरतही नाही लवकर. गिऱ्हाईक येईपर्यंत मटण ताजं राहावं म्हणून तसं ठेवायची रीत. उन्हात पाय हलवत होती. दिनूनं ती विकत घेतली आणि नदीत सोडली, तर गंगारामनं ती पुन्हा धरली आणि पुन्हा उलटी ठेवली. मग दिनूनं पोस्टरं लावली. शाळेत पडद्यावर चित्रं दाखवली. कायदा सांगितला, तुरुंगात जाल म्हणाला. गावानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि त्या वर्षीही अंडी उकरून खाल्ली. काही वर्षं अशी गेली. तो बेजार झाला होता. फोनवर म्हणायचा, "अक्का, यांना कळतंय सगळं. वाटत काहीच नाही."

आणि मग गावच्या सप्ताहात एके दिवशी यानं माइक मागून घेतला. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकानं! आणि औशात ज्या गोष्टीसाठी थोबाडीत खाल्ली होती तीच गोष्ट सांगितली. कासवी म्हणजे मायी, ती नजरेनं पिलं वाढवते, वगैरे. वर स्वतःची भर घातली. अंडी वाळूत असतात तोवर बेटावर माणसाचं पाऊल पडलं तर मायी नजर फिरवते. तिची नजर फिरली की ज्याचं पाऊल पडलं त्याचं लेकरू वाढत नाही. मग तू कसा जातोस असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाला, मी व्रत घेतलंय, मला बायको नाही, पोर नाही, माझं कशाचं नुकसान होणार? बायकांनी तिथल्या तिथं पदर पसरला. त्या वर्षापासून बेटावर कोणी गेलं नाही. वाळूचे ट्रॅक्टर काठावर आले तर बायाच आडव्या झाल्या. पावसाच्या सुमाराला दिनूचा फोन आला, बोलताच येईना त्याला. एवढंच म्हणाला, "अक्का, पिलं पाण्यात गेली गं... रांगेनं गेली." मी म्हटलं, "कॉलेजात शास्त्र शिकवतोस आणि गावात बुवाबाजी करतोस, लाज नाही वाटत?" तो हसला. "वाटते. पण अंडी वाचली ना."

इथपर्यंतची गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. शोकसभेत पण सांगितली. पुढची कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

गंगारामच्या थोरल्या मुलाची बायको सुमन. देगलूरकडची, बोलताना मध्येच तेलुगू शब्द टाकणारी, हसरी पोर. नदीच्या पात्रात त्यांची टरबुजाची वाडी होती आणि एका सकाळी तिची शेळी दावं तोडून बेटावर गेली. सुमन मागं धावली, शेळी घेऊन आली. कोणीतरी बघितलं. नंतर काही दिवसांनी तिचं तान्हं पोरगं तापानं गेलं. ताप गावात बऱ्याच घरी होता, बाकीची पोरं बरी झाली, हे एक गेलं. झालं! ज्या गंगारामनं आयुष्यभर कासवं उलटी करून विकली तो आता मायीचा एवढा मोठा भक्त झाला होता की त्यानं सुनेला माहेरी पाठवलं. ती परत आली, पण घरात चुलीला हात लावू देईनात, लेकुरवाळ्या बाया तिला बघून पोराच्या तोंडावर पदर घ्यायच्या.

दिनू तिच्याकडे गेला. एकटीला गाठून सांगितलं की सुमन, ते सगळं मी रचलेलं होतं, मायी नाही, नजर नाही, काही नाही, तुझं मूल तापानं गेलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग सर, ताप तर सगळ्यांनाच हुता. माझंच का गेलं?" हा पुन्हा तापाचंच सांगायला लागला. ती म्हणाली, "माझ्याकडनं पाप झालं म्हणून गेलं, एवढं तरी राहू द्या. उगंच गेलं म्हणू नका."

तो तसाच लातूरला माझ्याकडे आला. जेवला नाही. ताट पुढ्यात घेऊन बसून होता. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "उद्याच्या उद्या जा आणि गावासमोर खरं सांग." तो म्हणाला, "सांगतो. परवा बेटावर ट्रॅक्टर." मी म्हटलं, "आणि त्या पोरीचं काय?" तेव्हा माझा सख्खा भाऊ, जो लहानपणी मेलेल्या चिमणीसाठी दिवसभर रडला होता, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "सुमनला दुसरं मूल होईल अक्का. ही जात गेली की परत होणार नाही." मी ताट उचललं आणि म्हटलं, ऊठ, चालता हो माझ्या घरातून. तो गेला. मला त्याचा राग आला होता, आजही आहे, मेला म्हणून कमी झालेला नाही. स्मृतिलेखात असं लिहीत नाहीत म्हणे. मग दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचा होता.

त्यानं गावाला खरं कधीच सांगितलं नाही. पण त्यानंतर तो बदलला. दर भाऊबीजेला आधी सुमनकडे ओवाळून घ्यायचा, मग माझ्याकडे यायचा. साडी दोघींना सारखी. तिच्या घरच्यांनी त्यामुळे तिला हळूहळू आत घेतलं, सरांची बहीण म्हटल्यावर कोण काय बोलणार. मूल मात्र तिला पुढं झालं नाही. दिनूनं तिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं, हैदराबादला नेलं. नाहीच. मी त्याला त्या वाक्याची आठवण करून दिली नाही. गरजच नव्हती, तो हैदराबादहून परत आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तर त्या दिवशी गाव देवळात फुलाकडे बघत बसलं होतं तेव्हा पाण्यात उतरली ती सुमन. लोक ओरडले. ती म्हणाली, "माझं काय जायचं राहिलंय?" आणि सरळ चालत गेली. बेटावर पोचली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि काठावरच्या बापयांना हाका मारत राहिली, या रे कोणीतरी, एकटीला उचलंना मला. कोणी आलं नाही. उजवं फूल पडलं तेव्हा आले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले हृदयविकाराचा झटका, लवकर आणायला हवं होतं. डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात अशी मी मनाची समजूत घालते. मी सुमनला विचारलं, तू पोचलीस तेव्हा जिवंत होता का गं? ती म्हणाली, "अंग ऊन हुतं अक्का. पण वाळू पण ऊन हुती. त्यांचं ऊन का वाळूचं, मला कळंना."

तेराव्याला गंगारामनं माझे पाय धरले. म्हणाला, अक्का, आम्ही सरांचं असं काम करू की नाव निघालं पाहिजे. मी तेव्हा कशाला लक्ष देते! महिना उलटल्यावर त्यानं बोलावणं पाठवलं, स्मारकाचं उद्घाटन आहे, माहेरवाशीण आल्याशिवाय जमायचं नाही. मी गेले. देवळाच्या बाजूला सिमेंटचा हौद बांधला होता, वर फरशी, फरशीवर दिनूचा फोटो, फोटोला हार. आणि हौदात ती होती. बेटावर अंडी घालायला आलेली मोठी मादी, पाठीवर हळदकुंकू. गावच्या पोरांनी कौल घेऊन वाजतगाजत आणली होती. मी म्हटलं, "गंगाराम, हे काय केलंस रे?" तो अगदी निष्पाप चेहऱ्यानं म्हणाला, "सर गेले, आता गंगेत तिला कोण राखनार? कोणीबी धरून खाईल. इथं सुखात राहील अक्का. लाह्या खातेय." ती लाह्या खात नव्हती. लाह्या पाण्यावर तरंगत होत्या. ती मागच्या पायांनी हौदाचा तळ खरवडत होती. वाळू असावी तसं, एक पाय, दुसरा पाय, एक पाय, दुसरा पाय. सिमेंटवर तिच्या नखांतून रक्त आलं होतं. बाया म्हणत होत्या, बघा, सरांच्या फोटोपुढं कशी नाचून राहिली.

मी आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होते, माझा आवाज मोठा आहे. मी ओरडले. सांगितलं की तिला अंडी घालायचीत, आत्ताच्या आत्ता बेटावर नेऊन सोडा, नाहीतर पोटातली अंडी पाण्यात टाकेल आणि पाण्यात पडलेलं अंडं गुदमरून मरतं. एका म्हाताऱ्यानं मला समजावलं, अक्का, दुःखानं बोलून राहिल्या तुम्ही. आणि तेवढ्यात तिनं अंडी टाकली. पांढरी, गोल, लिंबाएवढी, एकामागून एक हौदाच्या तळाशी जाऊन बसली. ढोल वाजायला लागले. सरांनी प्रसाद दिला, सरांनी प्रसाद दिला! गंगारामनं कमरेएवढ्या पाण्यात उतरून अंडी वेचली. ज्यांना मूल नाही त्या बायांना वाटली. सुमनला पहिलं दिलं. तिला, बरं का, पहिल्या मानाचं. तिच्याच सासऱ्यानं, सगळ्या गावासमोर. तिनं पदर पसरून घेतलं, आणि मी तिचा चेहरा बघितला, आणि माझा आवाज गेला.

लातूरला येताना मी बसमधूनच वनखात्यात फोन केला. दुसऱ्या दिवशी गाडी आली. मादी पोत्यात घालून नेली, हौद रिकामा केला, अंडी घरोघरी जाऊन गोळा केली आणि पंचनामा केला. मादी परत बेटावर सोडा म्हणून मी हात जोडले. ते म्हणाले, तिथं आता सुरक्षित नाही, लांबच्या एका धरणात सोडली. तिथं वाळू आहे का हे कोणी बघितलं नसेल. गंगाराम कोर्टाच्या चकरा मारतोय, माझा फोन उचलत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. माणसांची पावलं बेटावर पडली, काही झालं नाही, हे वाळूवाल्यांनी बघितलं. आता तिथं रोज ट्रॅक्टर उतरतात म्हणे. बाया आडव्या होत नाहीत. कोणासाठी व्हायचं?

हे सगळं मी दिनूला शिव्या देत देत लिहिलं असतं आणि इथंच थांबले असते. पण मागच्या आठवड्यात सुमनचा फोन आला. सगळ्यांची अंडी नेली, तिचं तिनं दिलं नव्हतं, पिठाच्या डब्यात लपवलं होतं. आवाज बारीक करून विचारत होती, "अक्का, आता ते वाळूत ठिवू का? का उबेला ठिवू? सरांनी तुम्हाला सांगितलं आसंल न्हवं." माझ्या समोर सगळं शास्त्र उभं होतं. ते अंडं हौदातच मेलं होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं, जे बोलत नाही म्हणून मी भावाला घराबाहेर काढलं होतं. "कवा फुटंल अक्का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "वाळूत ठेव. वरून रोज थोडं पाणी शिंपड. वेळ लागतो गं त्याला."

काल पुन्हा फोन होता तिचा. अजून फुटलं नाही म्हणाली.

"वेळ लागतो," मी म्हटलं.